आधी उजेडाची रेघ, मग दिव्यांचे पॉइंट

नव्या घराच्या टाइल्स ठरतात, किचन ट्रॉलीचं कोटेशन येतं, रंगाची शेडकार्डं हातात पडतात, आणि दिव्यांचं काय ते शेवटी वायरमनवर सोपवलं जातं. तो छताचे चार समान भाग पाडतो, प्रत्येकात एक दिवा देतो आणि सगळे मिळून एका नाहीतर दोन बटणांवर घेतो. त्याचं गणित त्याच्या जागी बरोबर असतं, पण त्यात खिडकी कुठेच नसते. मग भर दुपारी सोफ्यामागचा कोपरा अंधारा वाटतो म्हणून अख्ख्या हॉलचे दिवे लागतात. बाल्कनीच्या दारात ऊन पडलेलं असतं, तरी तिथलासुद्धा लागतो.

दिवे खोलीप्रमाणे न वाटता खिडकीपासूनच्या अंतराप्रमाणे वाटायचे, हे या लेखाचं सूत्र आहे. एवढं पाळलं तर बाकीचे बरेच निर्णय आपोआप सुटतात. उदाहरणासाठी शहरातला नेहमीचा २ बीएचके धरला आहे: दहा बाय सोळाचा हॉल, त्याच्या अरुंद बाजूला बाल्कनी, मधे पॅसेज, आत किचन आणि दोन बेडरूम. ऊन पुण्या-मुंबईचं धरलं आहे.

पायरी १: सगळे दिवे बंद करून घर बघा

सुट्टीचा एक दिवस निवडा. पडदे पूर्ण सरकवा, घरातला एकही दिवा लावू नका. सकाळी नऊ, दुपारी एक आणि संध्याकाळी पाच, अशा तीन वेळा हातात पेपर घेऊन खिडकीपासून आत चालत जा. छोट्या जाहिरातींचा बारीक टाइप जिथे डोळे ताणून वाचावा लागतो तिथे जमिनीवर मास्किंग टेपची पट्टी चिकटवा आणि तिच्यावर वेळ लिहा. दिवसअखेर प्रत्येक खोलीत तीन पट्ट्या दिसतील. त्यातली खिडकीच्या सर्वांत जवळची पट्टी म्हणजे तुमच्या घराची उजेडाची रेघ. तिच्या अलीकडे दिवसा दिवा लागू नये, पलीकडे लागणारच.

मोबाइलमध्ये लक्स, म्हणजे एखाद्या जागेवर पडणारा उजेड, मोजायचं अ‍ॅप घेतलंत तर आकडेही मिळतील. ते अचूक नसतात, पण दोन जागांची तुलना करायला पुरतात. भर उन्हात बाहेर लाखाच्या आसपास लक्स असतात, ढगाळ दिवशी दहा हजारांच्या घरात, आणि खोलीच्या आतल्या भिंतीपाशी कधी पन्नाससुद्धा नसतात. आपल्या डोळ्यांना ही तफावत इतकी मोठी वाटत नाही, कारण ते जुळवून घेत राहतात. म्हणूनच नुसतं 'छान उजेड आहे' असं म्हणून भागत नाही, टेप लावावी लागते.

रेघ कुठे येईल याचा एक ठोकताळा आहे. खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या दुप्पट ते अडीचपट अंतरापर्यंत कामाचा उजेड पोचतो. ही कड (लिंटेल) सात फुटांवर असेल तर चौदा ते सतरा फूट. हे झालं मोकळ्या खिडकीचं. पुढे पाच फुटांची बाल्कनी आणि तिच्यावर वरच्या मजल्याचा स्लॅब असेल तर ती पाच फुटं यातून वजा होतात, आणि सोळा फुटी हॉलचा मागचा तिसरा हिस्सा कायम सावलीत जातो. खिडकीची रुंदी वाढवून उजेड बाजूंना पसरतो, खोलवर जायला उंची लागते. बाल्कनी ग्रिल-स्लायडिंगने बंद करून हॉल वाढवायचा विचार असेल, तर सोसायटी आणि पालिकेच्या परवानगीइतकाच हाही हिशोब करा: खोली जितकी लांबेल तितका तिचा आतला भाग अंधारात जाईल.

ऋतूचं भान ठेवा. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. डिसेंबरात तो दक्षिणेकडे झुकून क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपास राहतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून उन्हाळ्याच्या दुपारी ऊन जवळजवळ येत नाही, साधा छज्जा पुरतो. थंडीत मात्र तेच ऊन चार-पाच फूट आत येतं आणि हवंहवंसंही वाटतं. उत्तरेचा उजेड दिवसभर शांत आणि सारखा असतो, अभ्यासाचं टेबल तिथेच ठेवावं. पूर्वेचं ऊन सकाळी दोन-तीन तास सणसणीत, मग संपलं. खरा त्रास पश्चिमेचा. एप्रिल-मेमध्ये चार वाजता सूर्य इतका खाली आलेला असतो की छज्जा त्याला अडवू शकत नाही. तिथे बाहेरून काहीतरी लागतं: बांबूची चटई, उभ्या पट्ट्या, वेल, निदान बाल्कनीत टांगलेला चिक. आतला जाड पडदा उजेड अडवतो, पण उष्णता तोवर काचेतून आत आलेली असते.

तुमचं निरीक्षण मे महिन्यात झालं असेल तर जुलैसाठी रेघ दोन-तीन फूट खिडकीकडे सरकवून धरा. पावसाळ्यातल्या काळ्या दुपारी हॉलचा निम्मा भाग संध्याकाळ झाल्यासारखा होतो, आणि आपल्याकडे असे महिने वर्षातून तीन-चार असतात.

पायरी २: आहे तो उजेड आत येऊ द्या

दिव्यांची खरेदी करण्याआधी खिडकीकडे लक्ष द्या. मच्छरदाणीची जाळी धुळीने भरली की उजेड किती अडतो हे ती काढून धुतल्यावरच कळतं. स्लायडिंगला काळपट किंवा आरसेवाली काच बसवली असेल, तर दिवसाचा उजेड कायमचा कमी केलेला असतो. उत्तरेच्या आणि पूर्वेच्या खिडकीला अशा काचेची गरज नाही, तिथे साधी पारदर्शक काच घ्या. बाहेर काढलेल्या बॉक्स ग्रिलमध्ये कुंड्या, सायकल, जुनी बादली असा संसार साठतो. तो हलवला तर घरात एक दिवा वाढवल्याइतका फरक पडतो. खिडकीला लागून छतापर्यंतचं कपाट नको, ते बाजूची भिंत खातं आणि त्या भिंतीवरूनच उजेड आत उसळी घेत असतो.

रंगाबद्दल. शुद्ध पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडातला साधारण ऐंशी टक्के परत देते, फिकट बदामी सत्तरच्या आसपास, गडद निळी किंवा विटकरी भिंत वीस टक्क्यांच्याही खाली. हल्ली एक भिंत गडद करायची पद्धत आहे. ती हौस करायचीच असेल तर खिडकी ज्या भिंतीत आहे तीच गडद करू नका. झगझगीत खिडकीच्या कडेला काळपट भिंत आली की डोळ्यांना सतत ताण पडतो. खिडकीसमोरची भिंतही फिकट राहू द्या, कारण आत आलेला उजेड तीच परत फेकते. गडद रंग बाजूच्या भिंतीला द्या. छत पांढरंच ठेवा, त्याला पर्याय नाही.

पडद्यांसाठी दुहेरी रॉड लावा: आतून जाड, बाहेरून झिरझिरीत पांढरा. दिवसा जाड पडदा काचेवरून पूर्ण बाजूला, भिंतीवर गेला पाहिजे, म्हणून रॉड खिडकीच्या दोन्ही बाजूंना किमान आठ-दहा इंच जास्त घ्या. हे इतकं साधं असूनही बहुतेक घरांत रॉड चौकटीएवढाच असतो आणि खिडकीचा चौथा हिस्सा दिवसभर पडद्याखाली राहतो.

घर अजून घ्यायचं असेल तर एक मोजमाप लक्षात ठेवा. राष्ट्रीय इमारत संहितेत दमट-उष्ण हवामानासाठी खिडक्यांचं क्षेत्रफळ खोलीच्या जमिनीच्या किमान एक षष्ठांश सांगितलं आहे. दहा बाय बाराच्या बेडरूमला वीस चौरस फूट. सँपल फ्लॅट बघताना टेप खिशात असू द्या, आणि दिवे बंद करायला सांगून मगच खोली बघा.

पायरी ३: पट्टे पाडा, बटणं वेगळी करा

आता कागदावर हॉलचा नकाशा काढा आणि उजेडाची रेघ त्यावर उतरवा. खिडकीला समांतर तीन पट्टे पाडा: रेघेच्या अलीकडे खिडकीलगतचा आणि मधला, पलीकडे आतला. प्रत्येक पट्ट्याला स्वतंत्र बटण द्यायचं. वायरमन सवयीने लांबीच्या बाजूने दिव्यांच्या रांगा जोडतो, म्हणजे एका बटणावर खिडकीजवळचाही दिवा येतो आणि आतलाही. त्याला आडवं जोडायला सांगा. दिवे तेवढेच लागतात, वायर थोडी जास्त जाते. संपूर्ण लेखातला हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी बदल आहे, आणि प्लास्टर झाल्यावर तो करायचा तर भिंत फोडावी लागते.

आतल्या पट्ट्यासाठी दिवा निवडताना एक गोष्ट समजून घ्या. दिवसा आतला कोपरा काळोखा वाटतो तो दर वेळी उजेड कमी असल्यामुळेच असं नाही. खिडकी फार उजळ असते म्हणून तो तुलनेने काळोखा दिसतो. ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च स्टेशनमध्ये हॉपकिन्सन आणि लाँगमोर या संशोधकांनी १९५० च्या दशकात नेमका हाच प्रश्न हाताळला. खोल खोल्यांमध्ये नैसर्गिक उजेडाला दिवसाही दिव्याची कायमची जोड द्यावी, आणि ती खिडकीच्या झळाळीशी खोलीचा आतला भाग जुळवून घेण्यासाठी असावी, असं त्यांचं म्हणणं होतं. घरात याचा अर्थ सोपा होतो: दिवसाच्या दिव्याने जमीन उजळायची नाही, आतली भिंत उजळायची. हॉलच्या मागच्या भिंतीपासून फूट-दीड फूट अंतरावर छतात दोन-तीन डाउनलाइट (छतात बसवलेले, खाली उजेड सोडणारे छोटे दिवे) घ्या, किंवा भिंतीलगतच्या खोबणीत एक एलईडी स्ट्रिप लपवा. भिंतीवरून उजेड खाली ओघळला की खिडकी आणि कोपरा यांच्या उजेडातली तफावत कमी होते आणि मधले दिवे लावायची इच्छाच होत नाही. पंधरा-वीस वॅटमध्ये काम होतं.

पायरी ४: किती उजेड लागेल याचा हिशोब

बल्बच्या खोक्यावर वॅट मोठ्या अक्षरात असतात, तुम्ही ल्युमेन बघा. वॅट म्हणजे वीज किती खाणार, ल्युमेन म्हणजे उजेड किती देणार. चांगला एलईडी एका वॅटमागे शंभरच्या आसपास ल्युमेन देतो.

हॉल दहा बाय सोळा, म्हणजे साधारण १५ चौरस मीटर. बसायच्या खोलीला संध्याकाळी सरासरी १५० लक्स पुरतात. १५ गुणिले १५० म्हणजे २२५० ल्युमेन. यातला बराच उजेड भिंतींत, पडद्यांत आणि धुळीत जातो, म्हणून दुप्पट धरा: ४५०० ल्युमेन. म्हणजे १२ वॅटचे चार दिवे. सगळ्या हॉलची गरज एवढीच आहे, आणि तीही तिन्ही पट्टे मिळून. आठ-दहा दिव्यांचं कोटेशन आलं तर हा हिशोब समोर ठेवा.

वाचायला, भाजी चिरायला, शिवणाला ३०० ते ५०० लक्स लागतात. ते छतातून मिळवायचा प्रयत्न करू नका, दिवा कामाजवळ आणा. अंतर निम्मं झालं की उजेड चौपट होतो. खुर्चीशेजारचा ७ वॅटचा दिवा छतातल्या चार दिव्यांना भारी पडतो. घरात साठीच्या पुढची माणसं असतील तर हे आकडे वाढवा. विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत साठीच्या डोळ्यात सुमारे एक तृतीयांशच उजेड आतल्या पडद्यापर्यंत (रेटिनापर्यंत) पोचतो. आई-बाबा संध्याकाळी पाचलाच दिवा लावतात ती निव्वळ सवय नसते, त्यांना खरंच कमी दिसत असतं.

विजेच्या बिलाबद्दल प्रामाणिक आकडा सांगतो. हे चारही दिवे रोज पाच तास लागले तर महिन्याला सात-साडेसात युनिट होतात. दीड टनाचा एसी एका रात्रीत जवळपास तेवढं खातो. म्हणून दिव्यांत कंजुषी करून बचत होत नाही. पश्चिमेचं ऊन बाहेरच अडवलं तर होते.

पायरी ५: उजेडाचा रंग

२०१५ च्या जानेवारीत स्वस्तात एलईडी बल्ब देणारी सरकारची उजाला योजना सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत ६० वॅटच्या जुन्या बल्बची जागा ९ वॅटच्या एलईडीने घेतली. बिल कमी झालं, पण त्याच काळात निळसर पांढरा उजेड घराघरांत ठाण मांडून बसला. दुकानात नुसता 'व्हाइट' मागितला की आजही ६५०० केल्विनचा दिवा हातात येतो. हा आकडा ढगाळ आकाशाच्या उजेडाचा आहे. दुपारी तो खपून जातो, रात्री नऊ वाजता जेवणाच्या टेबलावर नाही.

खोक्यावरचा केल्विनचा आकडा असा वाचा: २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर उबदार, ४००० म्हणजे मधला, ६५०० म्हणजे निळसर. दिवसा नैसर्गिक उजेडाच्या जोडीला लागणारा दिवा ४००० चा घ्या. २७०० चा दिवा दिवसाच्या उजेडाशेजारी मळकट पिवळा दिसतो आणि भिंत जुनाट वाटायला लागते. संध्याकाळनंतरचे दिवे २७०० किंवा ३००० चे. म्हणजे हॉलच्या आतल्या पट्ट्यात ४००० आणि बसायच्या जागेभोवतीचे दिवे ३०००, एवढी विभागणी पुरते. देवघरात २७०० च्या वर जाऊ नका. समईच्या ज्योतीचा रंग १९०० च्या आसपास असतो, तिच्या डोक्यावर पांढरा स्पॉट आला की ज्योत लावल्याचंसुद्धा जाणवत नाही. बेडरूममध्ये तर रात्री ३००० च्या वर काहीच नको. निळसर उजेडामुळे शरीराला अजून दिवस आहे असं वाटत राहतं आणि झोप लांबते.

एकाच पॅनलमध्ये तीन रंग देणारे दिवे सध्या खूप खपतात. बटण बंद करून पुन्हा लावलं की रंग बदलतो. कल्पना चांगली आहे, पण चार पॅनल एका बटणावर असतील तर कधीतरी त्यातला एक मागे राहतो आणि छतात तीन पांढरे, एक पिवळा असं चित्र तयार होतं. काही मॉडेलमध्ये लाइट जाऊन आली तरी रंग बदलतो. मी नवख्यांना स्वतंत्र रंगाचे स्वतंत्र दिवे घ्यायलाच सांगतो.

दुसरा आकडा सीआरआयचा. दिव्याखाली वस्तूंचे रंग किती खरे दिसतात हे तो सांगतो. सूर्यप्रकाशाचा १००, बाजारातल्या साध्या दिव्यांचा ८०, चांगल्यांचा ९० च्या पुढे. पैठणीचा रंग बघायला आपण दुकानाच्या दारापर्यंत जातो ते याचसाठी. घरात सगळीकडे ९० ची गरज नाही. किचनचा ओटा, कपाटासमोरची जागा, बेसिनचा आरसा आणि जेवणाचं टेबल या चार जागी मात्र थोडे जास्त पैसे घाला.

किचन, कारण इथे सगळ्यात जास्त वेळ उभं राहावं लागतं

बहुतेक किचनमध्ये छताच्या मधोमध एक दिवा असतो आणि ओटा भिंतीला. ओट्यासमोर उभं राहिलं की दिवा पाठीमागे येतो आणि आपलीच सावली नेमकी विळीवर पडते. डाळीतला खडा, तांदळातला किडा, कोथिंबिरीची पिवळी पानं, सगळं त्या सावलीत शोधायचं. छतातला दिवा कितीही मोठा केला तरी सावली हटत नाही, उलट गडद होते.

उपाय वरच्या कपाटांच्या तळाशी आहे. तिथे अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइलमध्ये एलईडी स्ट्रिप बसवा. तीन बाबी सुताराला आणि वायरमनला एकत्र उभं करून सांगा. पहिली, स्ट्रिप कपाटाच्या पुढच्या कडेला हवी, भिंतीकडे नको. भिंतीकडे बसवली तर चकचकीत टाइल्स उजळतात आणि ओट्याची पुढची निम्मी बाजू, जिथे चिरायचं असतं, ती तशीच राहते. दुसरी, प्रोफाइलवर दुधी कव्हर हवं. काळ्या ग्रॅनाइटला पॉलिश असतं, त्यात उघड्या स्ट्रिपचे ठिपके ओळीने चमकतात आणि मान खाली घालून काम करताना ते डोळ्यांत जातात. तिसरी, समोर बारीक पट्टी उतरवून घ्या, म्हणजे जेवणाच्या टेबलावर बसलेल्याला स्ट्रिप दिसणार नाही. ४००० केल्विन, सीआरआय ९०, फुटाला तीन-चार वॅट. या स्ट्रिपचं बटण ओट्याजवळ आणि छतातल्या दिव्यापासून वेगळं. दिवसा खिडकीचा उजेड आणि ही स्ट्रिप एवढ्यावर स्वयंपाक होतो.

किचनची खिडकी बहुधा ड्राय बाल्कनीत उघडते आणि तिथे वॉशिंग मशीनच्या वर कपड्यांची दोरी असते. दोरी खिडकीच्या समोरून हलवून बाजूला घ्या, किंवा छताला वर-खाली होणारा कपड्यांचा स्टँड लावा. ओल्या चादरींमागे किचनचा सगळा उजेड अडून बसतो.

पंखा आणि डाउनलाइट

फॉल्स सीलिंगमध्ये दिवे आणि मधोमध पंखा, हे आता घरोघरी आहे, आणि त्यातून एक त्रास होतो ज्याचं कारण बऱ्याच जणांना सापडत नाही. दिवा पात्यांच्या वर आला की फिरत्या पात्यांची सावली खोलीभर थरथरत राहते. वाचताना डोकं जड होतं, आणि दोष दिव्याला दिला जातो. नेहमीचा पंखा १२०० मिलिमीटरचा, म्हणजे पात्याचं टोक मधल्या रॉडपासून दोन फुटांवर. डाउनलाइट मध्यापासून किमान तीन फूट लांब घ्या, आणि त्याचा झोत साठ अंशांच्या आतला असू द्या, म्हणजे तो पात्यांना चुकवून खाली उतरतो. चारी बाजूंना उजेड सांडणारी मोठी चपटी पॅनल पंख्याजवळ नकोतच. दहा फूट रुंद हॉलमध्ये या हिशोबाने दिवे भिंतीपासून दोन फुटांवर येतात, आणि तिथेच ते शोभतात.

सावली नसतानाही दिवा थरथरतो असं वाटलं तर मोबाइलच्या स्लो-मोशन कॅमेऱ्यातून त्याचं चित्रण करा. पट्टे किंवा लुकलुक दिसली तर आतला ड्रायव्हर (एलईडीला वीजपुरवठा करणारा भाग) हलक्या दर्जाचा आहे. दुकानातच ही चाचणी करा, दोन मिनिटांचं काम आहे.

बाकीच्या खोल्या

बेडरूममध्ये छतातला दिवा पलंगावर पडलेल्याच्या डोळ्यांवर येणार नाही असा बघा. उशाशी दोन्ही बाजूंना भिंतीवरचे छोटे दिवे, त्यांची बटणं हाताशी, आणि मुख्य दिव्याला दारापाशी आणि उशाशी असा टू-वे स्विच. अभ्यासाचं किंवा ऑफिसचं टेबल खिडकीला काटकोनात ठेवा. खिडकी समोर आली तर डोळे दिपतात, पाठीमागे आली तर स्क्रीनवर तिचं प्रतिबिंब पडतं. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून यावा. टीव्हीही खिडकीच्या समोर किंवा खिडकीच्याच भिंतीवर नको, बाजूच्या भिंतीवर घ्या.

बेसिनच्या आरशावर वरून एकच दिवा दिला की डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावल्या पडतात. आरशाच्या दोन्ही बाजूंना, चेहऱ्याच्या उंचीवर दोन दिवे द्या. बाथरूममधले दिवे पाण्याच्या शिंतोड्यांपासून सुरक्षित, आयपी ४४ किंवा त्याहून वरचे.

पॅसेजला बहुधा खिडकी नसते, त्यामुळे तिथे दिवसाही दिवा लागतो. हालचालीवर लागणारा सेन्सर बसवण्यासाठी घरातली हीच योग्य जागा. रात्रीसाठी जमिनीपासून फूटभर उंचीवर एक-दोन वॅटचा फूटलाइट, बाथरूमच्या वाटेवर. बेडरूमच्या दारांवर वरती काचेची झडप ठेवता आली तर पॅसेजला दिवसाचा उजेडही मिळतो. जुन्या घरांत ती असायची, नव्या फ्लॅटमध्ये दाराची चौकट बसवायच्या आधी सांगावं लागतं.

पायरी ६: प्लास्टर होण्याआधी

नव्या इमारतीत बिल्डर स्लॅबमध्येच पाइप टाकतो आणि प्रत्येक खोलीला मधोमध पंख्याचा आणि भिंतीवर एक-दोन दिव्यांचे पॉइंट देतो. तुमचे पट्टे त्यात बसत नसतील तर मार्ग दोन: फॉल्स सीलिंग, किंवा छताखाली उघडा ट्रॅक, म्हणजे दिवे बसवायची पट्टी. फॉल्स सीलिंगने सहा-आठ इंच उंची जाते, आणि ती खिडकीच्या डोक्यापर्यंत खाली आली तर उजेडाची उसळीही कमी होते. नऊ फुटांपेक्षा कमी उंचीच्या खोलीत संपूर्ण सीलिंग न करता आतल्या पट्ट्यापुरतंच करा, खिडकीकडचं छत मोकळं ठेवा.

स्ट्रिपचा ड्रायव्हर पीओपीच्या आत कायमचा गाडू नका. स्ट्रिपच्या आधी ड्रायव्हर जातो, आणि मग शंभर-दोनशे रुपयांच्या सुट्या भागासाठी छत फोडावं लागतं. कपाटावर किंवा झाकण उघडता येईल अशा जागी ठेवा. डिमर (उजेड कमी-जास्त करायचं बटण) हवा असेल तर दिव्याच्या खोक्यावर 'डिमेबल' लिहिलेलं आहे ना ते बघा. साध्या एलईडीला डिमर लावला की तो लुकलुकतो आणि लवकर जातो. इन्व्हर्टर असेल तर त्याच्या लाइनवर प्रत्येक खोलीचा आतल्या पट्ट्यातला एक दिवा घ्या. लाइट दिवसा गेली तरी खिडकीकडचा भाग स्वतःच्या उजेडावर चालतो, आणि रात्री गेली तर आतला दिवा सगळ्यांना पुरतो. अर्थिंग, एमसीबी, आरसीसीबी ही कामं परवानाधारक माणसाकडूनच.

भाड्याच्या घरात भिंतीला हात लावता येत नाही. तिथे प्लगवर चालणारे उभे दिवे घ्या आणि आतल्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवा. पट्ट्यांचं तत्त्व तसंच लागू होतं, आणि घर सोडताना दिवे बरोबर नेता येतात.

बंगला किंवा वरचा मजला असेल तर

छतातून येणारा उजेड खिडकीपेक्षा कितीतरी पट कामाचा असतो. कोकणातल्या कौलारू घरात माजघरावर दोन-चार काचेची कौलं घालतात, आणि तेवढ्यावर आतलं घर दिवसभर चालतं. वाड्यात हेच काम चौक करायचा. आजच्या रो हाऊसमध्ये जिन्यावर छोटा स्कायलाइट घेतला तर तिन्ही मजल्यांच्या मधल्या भागाला उजेड मिळतो. काच लॅमिनेटेड टफन्डच हवी, म्हणजे फुटली तरी खाली कोसळत नाही. पॉलिकार्बोनेटची शीट स्वस्त पडते, पण हलकी शीट उन्हाने काही वर्षांत पिवळी पडते. आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो, त्यामुळे स्कायलाइट मोठा केला तर मे महिन्यात जिना तापतो. खोलीच्या जमिनीच्या तीन ते पाच टक्के एवढाच घ्या, शक्य असेल तर उत्तरेकडे उतरता. जुलैच्या पावसात कडेची फ्लॅशिंग (पाणी अडवणारी पट्टी) गळते का, हे घर ताब्यात घेण्याआधी पाइपने पाणी मारून तपासा.

पायरी ७: दिवेलागणीची तपासणी

सगळं बसवून झालं की संध्याकाळी सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीपासून घरात थांबा. मुंबईत हा सूर्यास्त नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमाराला आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासात-सातवीसला होतो. दिवसाचा उजेड आणि दिवे एकमेकांत मिसळतात ते याच वेळी, आणि चुका याच वेळी दिसतात. आधी फक्त आतला पट्टा लावा. खोली सलग वाटली पाहिजे. दिवा लागल्याचं लगेच लक्षात आलं तर तो जास्त प्रखर आहे किंवा त्याचा रंग जुळत नाही. मग पंधरा मिनिटांनी मधला पट्टा, आणि बाहेर अंधारल्यावर खिडकीचा. अंधार पडल्यावर खिडकीची काच आरशासारखी होते आणि घरातले दिवे तिच्यात दिसायला लागतात. तिथे एखादा दिवा डोळ्यांत खुपत असेल तर झिरझिरीत पडदा ओढून पुन्हा बघा, तरीही खुपला तर त्याची दिशा बदला.

शेवटची दोन कामं कागदाची. भिंती बंद होण्याआधी प्रत्येक भिंतीचा आणि छताचा, टेप धरून, पाइप दिसतील असा फोटो काढून ठेवा. पुढे खिळा ठोकताना तो लागेल. आणि प्रत्येक दिव्याचं मॉडेल, वॅट, केल्विन लिहून ठेवून त्याच खरेदीत प्रत्येक प्रकारचे दोन नग जास्त घ्या. एकाच कंपनीच्या ३००० केल्विनच्या दोन वेगळ्या लॉटमध्ये रंगाचा फरक पडतो, आणि दोन वर्षांनी आणलेला एकटा नवा दिवा रांगेत वेगळा दिसतो.